पिनरच्या दुधाला साय का येत नाही?

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील पहिल्या आठवड्यात तीन गोष्टींवर हमखास मत देतात. एक इथली थंडी, दुसरी शेजारची चिडीचूप शांतता आणि तिसरी म्हणजे दूध. पिनर असो, हॅरो असो की वेम्बली, मराठी घरात हा संवाद ठरलेला. आई भल्या सकाळी दूध तापवते, गार होऊ देते, झाकण काढते आणि म्हणते, ‘‘अगं, या दुधाला साय कशी नाही?’’ मग निदान सुरू होतं. ‘‘सगळी मलई आधीच काढून घेत असतील.’’ ‘‘पावडरचं असेल.’’ ‘‘काहीतरी मिसळत असणार, नाहीतर दूध इतके दिवस टिकतं कसं?’’ महिनाभरात दही सैल लागतं, पाडव्याचं श्रीखंड ओघळतं, आणि निदानाची सुई दुधावरून मुलीच्या किंवा सुनेच्या हातगुणाकडे वळते.

खरं तर यात ना दुधाची लबाडी आहे, ना सुनेचा दोष. निळ्या झाकणाचं दूध इथे ‘होल मिल्क’ म्हणून विकलं जातं आणि त्यात साधारण साडेतीन टक्के स्निग्धांश असतो. गाईच्या दुधाला तो चांगलाच म्हणायचा. हिरव्या झाकणाच्या दुधात तो पावणेदोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि लाल झाकणाच्या दुधात जवळजवळ नसतोच. म्हणजे निळ्या बाटलीतली मलई कुणी पळवलेली नाही. ती दुधातच आहे, फक्त तिला वर यायला बंदी केली आहे. ही बंदी कशी घालतात हे कळलं की दही, चक्का, लोणी, पनीर या सगळ्यांची गणितं सुटतात. त्यासाठी शाळेत शिकलेला एक शब्द आठवावा लागेल. तो शब्द म्हणजे कलिल.

ना विरघळलेलं, ना वेगळं

साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचे रेणू सुटे होतात. ते द्रावण. माती पाण्यात ढवळली तर ती थोड्या वेळात तळाशी बसते. ते निलंबन. या दोन्हींच्या मधलं एक राज्य आहे. त्यातले कण रेणूपेक्षा बरेच मोठे असतात, पण इतके बारीक की खाली बसत नाहीत आणि साध्या फडक्यातून किंवा गाळणकागदातून सहज निघून जातात. हे मिश्रण म्हणजे कलिल, इंग्रजीत कोलॉइड. दूध, शाई, रंग, धुकं, जेली, साबणाचा फेस, आपलं रक्तसुद्धा याच घराण्यातलं.

या शब्दाचा जन्म लंडनमधला. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइन पकडली की गाडी न बदलता युस्टन स्क्वेअरला उतरता येतं. समोरच्या गॉवर स्ट्रीटवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये थॉमस ग्रॅहम हे ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ १८३७ पासून प्राध्यापक होते. पुढे १८५५ मध्ये ते टॉवर हिलच्या टांकसाळीचे प्रमुख झाले, पण प्रयोग काही सोडले नाहीत. एका कड्यावर चर्मपत्री कागद ताणून बसवायचा, आपल्या पिठाच्या चाळणीसारखा, आणि ते पाण्यावर तरंगत ठेवायचं. वर मीठ किंवा साखरेचं द्रावण घातलं तर ते कागदातून खाली उतरायचं. सरस घातला तर तो वरच राहायचा. ग्रीकमध्ये सरसाला ‘कोल्ला’ म्हणतात. त्यावरून १८६१ साली त्यांनी अशा पदार्थांना कोलॉइड हे नाव दिलं. गाळण्याच्या या रीतीला त्यांनीच नाव दिलं डायलिसिस. आज मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी जे यंत्र चालतं, त्यामागचं तत्त्व हेच. रक्तातली नको असलेली छोटी द्रव्यं पडद्यातून बाहेर जातात, मोठी प्रथिनं आत राहतात.

कलिल ओळखायची सोपी खूण मुलांना दाखवण्यासारखी आहे. काचेच्या ग्लासभर पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. प्रकाशाची वाट पाण्यात लख्ख दिसते आणि पाण्याला निळसर झाक येते. समोरून, म्हणजे प्रकाश ज्या बाजूने बाहेर पडतो तिथून पाहिलं तर तोच प्रकाश पिवळसर-तांबूस दिसतो. मीठ-पाण्यात असं काही होत नाही. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून हे घडतं. लाल झाकणाचं दूध निळसर दिसतं तेही याच कारणाने. त्यात पाणी घातलंय म्हणून नव्हे, तर त्यातले मोठे, पांढरेपणा देणारे स्निग्ध कण काढून घेतले आहेत म्हणून. या परिणामाला जॉन टिंडल यांचं नाव आहे. लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते मायकेल फॅरडे यांचे सहकारी होते. फॅरडे यांनी तिथेच १८५० च्या दशकात सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगवून माणकासारखं लाल द्रव बनवलं. त्यांच्या बाटल्या संस्थेने आजही जपून ठेवल्या आहेत. दीड शतक उलटून गेलं तरी त्यातलं सोनं तळाशी बसलेलं नाही!

दुधात दोन बिऱ्हाडं

दुधाच्या पाण्यात दुधसाखर आणि काही क्षार विरघळलेले असतात. त्याखेरीज दोन वेगवेगळी बिऱ्हाडं तिथे नांदतात.

पहिलं बिऱ्हाड स्निग्धांशाचं. तुपाचे बारीक गोळे, प्रत्येकाभोवती एक पातळ पापुद्रा. तेल आणि पाणी एकमेकांत असं सांभाळून ठेवलं की त्याला मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘पायस’ म्हणतात. हे गोळे सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट. पाण्यापेक्षा हलके असल्याने ते हळूहळू वर येतात. तीच आपली मलई.

दुसरं बिऱ्हाड केसीन या प्रथिनाचं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन असतं. त्याचे हजारो रेणू आणि कॅल्शियम फॉस्फेट मिळून गोलसर पुंजके बनतात. ते स्निग्ध गोळ्यांपेक्षा कितीतरी लहान असतात. प्रत्येक पुंजक्याच्या अंगावर केसाळ आवरण आणि ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, त्यामुळे कुणी कुणाला चिकटत नाही. सकाळच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यातले प्रवासी आठवा. गर्दी कितीही असली तरी प्रत्येक जण आपलं अंतर राखून असतो, अगदी तसंच.

आता इथलं दूध. ऑग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. प्रचंड दाबाखाली दूध अगदी बारीक फटीतून ढकलायचं, म्हणजे स्निग्ध गोळे फुटून मायक्रॉनपेक्षाही लहान होतात. याला म्हणतात होमोजिनायझेशन. गोळा द्रवातून वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास चौथाई झाला की वेग सोळापट कमी. शिवाय फुटलेल्या गोळ्यांना नवं आवरण लागतं, ते केसीनमधून मिळतं, आणि त्याने गोळे जड होतात. परिणामी मलई दुधातच अडकून राहते. दूध तापवून ठेवलं तर वर येतो तो प्रथिनांचा पातळ पापुद्रा. आईला हवी असते ती जाड, लुसलुशीत साय. ती अशा दुधात येणार कुठून?

त्यात आपली तुलना असते म्हशीच्या दुधाशी. त्यात स्निग्धांश सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि केसीनही जास्त. लोणी पांढरंशुभ्र, कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. गाईच्या दुधात ते कॅरोटीन उतरतं म्हणून इथलं लोणी पिवळं. त्यात रंग मिसळलेला असतो ही समजूत अनाठायी.

आणि हो, मलई गमावली म्हणून हळहळणारे आपण एकटे नाही. इथल्या जुन्या पिढीला दारात येणारी काचेची बाटली आणि तिच्या गळ्याशी जमलेली मलई चांगली आठवते. ती पक्ष्यांनाही ठाऊक होती! साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावात १९२१ मध्ये टिट जातीचे पक्षी बाटलीचं झाकण चोचीने फोडून वरची मलई खाताना आढळल्याची नोंद आहे. पुढे ही युक्ती ब्रिटनभर पसरली. दारात बाटल्या यायच्या कमी झाल्या, दूध होमोजिनाइज्ड झालं आणि पक्ष्यांचीही सोय गेली.

दही: पाश्चराइज्ड आहे म्हणून तापवायचं नाही?

इथल्या तरुण घरांमध्ये एक समज पक्का असतो. दूध पाश्चराइज्ड आहे, मग उकळायचं कशाला? पिण्यासाठी हे अगदी बरोबर. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवल्याने रोगजंतू मरतात. पण दह्यासाठी उकळण्याचं कारण निराळं आहे.

विरजणातले जंतू दुधसाखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की केसीनच्या अंगावरचा भार नाहीसा होतो, अंतर राखणारे प्रवासी एकमेकांना चिकटतात आणि त्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत पाणी, स्निग्धांश सगळं अडकतं. हेच दही. द्रवाचा झालेला जेल. उरलेली वीस टक्के प्रथिनं, म्हणजे निवळीतली, साध्या पाश्चरायझेशनने फारशी बदलत नाहीत. दूध ८५-९० अंशांना नेऊन पाच-दहा मिनिटं तिथेच ठेवलं की ती उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. त्याने जाळी घट्ट होते आणि पाणी धरून ठेवते. आपल्या आज्या दूध उकळून, कोमट करून मग विरजण लावत. त्या उकळण्यात जंतू मारण्याइतकंच दही घट्ट करण्याचंही काम होतं. नुसतं कोमट करून लावलेलं दही सैल होतं, ते त्यामुळे.

उरला प्रश्न उबेचा. हिवाळ्यात घर १८ अंशांवर असेल तर जंतू आळसावतात. गरम पाण्याची टाकी असलेल्या जुन्या घरांत ‘एअरिंग कबर्ड’ असतं. टॉवेल वाळवण्याची ही जागा दह्यासाठीही झकास. ते नसेल तर ओव्हनचा फक्त दिवा लावून भांडं आत ठेवावं. आणि लागताना भांडं हलवू नये. जाळी एकदा मोडली की पुन्हा तशी सांधत नाही, पाणी सुटतं.

गंमत म्हणजे होमोजिनायझेशनने साय गेली, पण दह्याचा फायदाच झाला. केसीनचं आवरण ल्यालेले बारीक स्निग्ध गोळे जाळीचाच भाग होतात, त्यामुळे दही एकजीव लागतं आणि पाणी कमी सुटतं. पनीरला मात्र तेच नडतं. जाळी मऊ पडते आणि वड्या भुगा होतात. पनीरसाठी होमोजिनाइज न केलेलं दूध मिळालं तर उत्तम.

श्रीखंड का ओघळतं

दही पंचात टांगलं की जाळीतलं सुटं पाणी गळतं. हिरवट-पिवळी निवळी दिसते, तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. उरतो तो चक्का. त्यात साखर घातली की ती उरल्यासुरल्या पाण्यात विरघळते आणि द्रव भाग वाढतो. म्हणून चक्का आधीच कोरडा हवा, आणि साखर घातल्यावर श्रीखंड थोडं सैल होणारच हे धरून चालायचं.

बाजारातलं दही आणून श्रीखंड करणाऱ्यांनी डब्यावरचं नाव नीट वाचावं. २०१४ मध्ये इथल्या अपील न्यायालयाच्या निकालाने ‘ग्रीक योगर्ट’ हे नाव ग्रीसमध्ये बनलेल्या दह्यापुरतंच राहिलं. बाकीच्यांनी लिहायचं ‘ग्रीक स्टाइल’. या दुसऱ्या प्रकारात दही गाळलेलंच असेल असं नाही. मलई किंवा दाटपणा आणणारे पदार्थ घालूनही ते घट्ट करता येतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. मागच्या तक्त्यात प्रथिनांचा आकडा बघा. १०० ग्रॅममध्ये नऊ-दहा ग्रॅम असतील तर तो जवळजवळ चक्काच. चार-पाच असतील तर ते दही आहे, पंचात टांगल्याशिवाय गत्यंतर नाही.

लोणी आणि तूप

लोणी काढणं म्हणजे पायस उलटवणं. साईत पाण्यामध्ये तुपाचे गोळे असतात, लोण्यात तुपामध्ये पाण्याचे थेंब. घुसळताना गोळ्यांचे पापुद्रे फाटतात आणि ते एकमेकांना चिकटतात. त्यासाठी तूप अर्धवट घट्ट आणि अर्धवट मऊ असावं लागतं, म्हणजे तापमान साधारण १० ते १५ अंश. उन्हाळ्यात बर्फ आणि थंडीत कोमट पाणी घालून आई रवी फिरवत असे, ती हेच तापमान साधत होती.

निळ्या बाटलीतून इथे लोणी निघणार नाही, तो नाद सोडावा. ‘डबल क्रीम’ आणावं, त्यात किमान ४८ टक्के स्निग्धांश असतो. त्याला चमचाभर विरजण लावून रात्रभर उबेत ठेवावं, मग गार करून गार पाण्यासह घुसळावं. लोणी येतं, ताक मिळतं, आणि कढवलेल्या तुपाला तो ओळखीचा वास येतो. दुकानातलं बिनमिठाचं लोणी कढवूनही तूप होतं, पण इथलं बरंचसं लोणी न आंबवलेल्या क्रीमचं असतं. वास हवा तर पुडक्यावर ‘लॅक्टिक’ किंवा ‘कल्चर्ड’ शोधा. घरून तुपाची बरणी आणायचा मोह मात्र टाळावा. भारतातून प्रवाशांनी दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला मनाई आहे.

सायीसाठी कच्चं दूध?

खरा काळजीचा मुद्दा हा आहे. सायीच्या ओढीने काही कुटुंबं थेट गोठ्यावरून कच्चं दूध आणतात. इंग्लंडमध्ये शेतकऱ्याने ग्राहकाला ते थेट विकणं कायदेशीर आहे, पण बाटलीवर धोक्याची सूचना छापावी लागते. स्कॉटलंडमध्ये तर विक्रीलाच बंदी आहे. लहान मुलं, गर्भवती, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते पिऊ नये, असं इथल्या अन्न विभागाचं सांगणं आहे. आपल्याकडे दूध घरात आल्याबरोबर तापवायची रीत होती. ती रीत इथे सुटलेली आणि दूध मात्र कच्चं आणलेलं, ही जोडी वाईट. नातवंडाला ‘ताजं दूध’ म्हणून ते तसंच देऊ नका.

आणि त्याची गरजही नाही. पाश्चराइज्ड पण होमोजिनाइज न केलेलं दूध इथे मिळतं. ‘अनहोमोजिनाइज्ड’ असं लिहिलेलं किंवा मलई वर येते, पिण्याआधी हलवा, अशी सूचना असलेलं. जर्सी-गर्न्सी गाईंच्या सोनेरी झाकणाच्या दुधात स्निग्धांश पाच टक्क्यांच्या घरात असतो, पण लेबल तपासून घ्यावं. असं दूध तापवून, न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

चहावर येणाऱ्या तवंगाचा दोषही दुधाला देऊ नये. पिनरच्या जमिनीखाली खडूचा दगड आहे, इथे तो काढायच्या जुन्या खाणीही आहेत. या भागातलं पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेशी संयोग पावून तो पापुद्रा बनतो. गाळलेलं पाणी वापरा, तवंग कमी होतो.

शंका घ्यावी, पण तपासूनही पाहावी

दुधातल्या प्रथिनांचा अभ्यास करून नाव काढणारी एक मराठी बाई इंग्लंडमध्ये आपल्या कितीतरी आधी येऊन गेली. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी नकार मिळाला. हट्टाने प्रवेश मिळवल्यावर त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मुंबईत विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी आरेच्या दूध योजनेला दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला, आणि निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे लोकांना शिकवलं.

‘यात काहीतरी मिसळलंय’ ही आपल्या आयांची शंका मुळात चुकीची नव्हे. भेसळीच्या दुधाचे दिवस त्यांनी पाहिलेत, त्यातूनच ती सावधगिरी आली. तिला उडवून लावण्यापेक्षा उत्तर द्यावं. दुधाचे चार थेंब, एक टॉर्च आणि दोन बाटल्या एवढं पुरतं. एक निळ्या झाकणाची, एक होमोजिनाइज न केलेली, दोन्ही शेजारी शेजारी तापवायच्या. आजी आणि नातवंडं एकत्र बसून हा प्रयोग करतात तेव्हा आजीला साय मिळते आणि नातवाला कलिल हा शब्द. आणि सुनेच्या हातगुणाचा विषय आपोआप मिटतो.